तारीख आणि क्षण : संगणकाला दिनांक शिकवताना आलेला एक धडा

(शिक्षक व उच्च माध्यमिक विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजचा विषय जाहीर झाला तेव्हा एका स्नेह्यांनी मला विचारले, "तारीख लिहिण्यात शिकण्यासारखे काय आहे? भिंतीवर कॅलेंडर आहे, मनगटावर घड्याळ आहे, पाहावे आणि लिहावे." माणसापुरते त्यांचे म्हणणे खरे आहे. पण तेच काम आपण संगणकाकडून करून घेऊ लागतो तेव्हा तारीख ही वस्तू वाटते तितकी साधी राहत नाही. हे मला पुस्तकाने नव्हे, माझ्याच हातून झालेल्या एका चुकीने शिकवले. ती चूक आपणापुढे मांडावी, तिच्यातून जे उमगले ते सांगावे, एवढाच आजच्या बोलण्याचा हेतू आहे.

एका शाळेच्या कार्यालयासाठी मी एक छोटा प्रोग्रॅम लिहून दिला होता. जनरल रजिस्टरातील नोंदी संगणकात भरायच्या आणि शाळा सोडल्याचा दाखला छापून काढायचा, एवढेच त्याचे काम. भाषा वापरली होती जावास्क्रिप्ट. लिपिक आपल्या टेबलावरच्या संगणकावर विद्यार्थ्याची माहिती भरत. ती दूरच्या एका मोठ्या संगणकात, म्हणजे सर्व्हरमध्ये, साठवली जाई आणि दाखल्याची प्रत तोच सर्व्हर तयार करी. चार-सहा नमुने भरून पडद्यावर पाहिले, सर्व ठीक दिसले. मी समाधानाने काम संपवले.

२०२४ च्या जून महिन्यात दहावी उत्तीर्ण झालेली एक मुलगी दाखला घेऊन गेली. तिची जन्मतारीख १ जून २००८. आपल्याकडे १ जून म्हटले की थोडे हसू येते. कारण पूर्वी जन्माची नोंद नसलेल्या मुलाला शाळेत घालताना गुरुजी सरसकट १ जून लिहून टाकीत, आणि गावेच्या गावे एकाच दिवशी जन्मलेली असत! या मुलीची तारीख मात्र रुग्णालयाच्या नोंदीतली, खरी होती. पुढे तिने शिष्यवृत्तीचा अर्ज भरला आणि तो परत आला. दहावीच्या प्रमाणपत्रावर १ जून होते, शाळेच्या दाखल्यावर ३१ मे.

कार्यालयात शोध सुरू झाला. लिपिकांनी पडद्यावर नोंद उघडली, तर तेथे स्वच्छ १ जून! म्हणजे भरताना चूक झालेली नव्हती. मुलीचे वडील नोकरीनिमित्त कुवेतला. त्यांना पालकांसाठीचे तेच पान उघडून पाहायला सांगितले, तर तिकडे ३१ मे दिसत होते. एकच नोंद, शाळेत बरोबर, कुवेतमध्ये चुकीची आणि कागदावरही चुकीची. दाखल्यावर तारीख अंकी व अक्षरी अशी दोनदा लिहिण्याची पद्धत कशासाठी आहे? एकीकडे चूक झाली तर दुसरीकडे पकडली जावी म्हणून. पण येथे अंक आणि अक्षरे दोन्ही यंत्रानेच, एकाच चुकीच्या तारखेवरून तयार केली होती. ती एकमेकांशी तंतोतंत जुळत होती, म्हणून कोणाला शंकाच आली नाही. त्या आठवड्यात दिलेले सारे दाखले परत मागवावे लागले. परत करणाऱ्या पालकांच्या चेहऱ्यावरचा प्रश्न मी अजून विसरलेलो नाही.

आता ही चूक नेमकी कोठे होती ते पाहू.

संगणक काळ कसा मोजतो? जावास्क्रिप्टपुरते उत्तर असे : १९७० सालच्या १ जानेवारीची मध्यरात्र, तीही ग्रीनिचच्या वेळेप्रमाणे, हा त्याचा आरंभबिंदू. तेथून किती मिलिसेकंद लोटले, म्हणजे सेकंदाचे किती हजारावे भाग, एवढी एकच संख्या तो जवळ ठेवतो. १९७० पूर्वीचा काळ असेल तर ती संख्या ऋण. या भाषेत 'डेट' नावाची जी वस्तू आहे तिच्या पोटात वर्ष नाही, महिना नाही, वारही नाही. आहे ती केवळ ही संख्या. वर्ष, महिना, दिवस आपण विचारतो तेव्हा संगणक स्वतः ज्या देशाच्या घड्याळावर चालत असेल त्या घड्याळाप्रमाणे हिशेब करून उत्तर देतो.

म्हणजे या वस्तूचे नाव 'तारीख' असले तरी ती तारीख नव्हे, तो एक क्षण आहे. सारे मर्म या एका वाक्यात आहे. ते ध्यानात आले असते तर माझी फजिती टळली असती.

लिपिकांनी १ जून २००८ ही तारीख भरली. वेळ दिलेली नव्हती, म्हणून यंत्राने १ जूनची मध्यरात्र धरली, अर्थात भारतीय मध्यरात्र. भारताची प्रमाणवेळ ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढे. आपल्याकडे १ जूनचे शून्य वाजतात तेव्हा ग्रीनिचच्या हिशेबाने ३१ मेचे सायंकाळचे साडेसहा वाजलेले असतात. कुवेत आपल्याहून अडीच तास मागे, म्हणजे तेथे ३१ मेचे रात्रीचे साडेनऊ. सर्व्हर ग्रीनिचच्या वेळेवर चालत होता. त्याने आपल्या घड्याळाप्रमाणे ३१ मे छापले. कुवेतच्या संगणकाने आपल्या घड्याळाप्रमाणे ३१ मे दाखवले. शाळेच्या संगणकाने १ जून. तिघांपैकी कोणीही खोटे बोलले नव्हते. खोटा होता तो मी त्यांना विचारलेला प्रश्न. मुलगी कोणत्या तारखेला जन्मली हे विचारण्याऐवजी, अमुक क्षणी तुमच्याकडे कोणती तारीख होती, असे मी विचारत होतो.

आता माझी दुसरी चूक सांगतो; ती पहिलीपेक्षा अधिक बोधप्रद आहे. कारण कळताच मी घाईने उपाय केला. सर्व्हरवर दाखला छापण्यापूर्वी प्रत्येक क्षणात साडेपाच तास मिळवायचे! सायंकाळचे साडेसहा अधिक साडेपाच तास, की झाली मध्यरात्र आणि तारीख १ जून. सर्व विद्यार्थ्यांचे दाखले तपासले, एकूण एक बरोबर आले. मी पुन्हा निर्धास्त झालो.

काही महिन्यांनी एक तरुण आपल्या आजोबांच्या शालेय नोंदीचा उतारा मागायला आला. जुन्या रजिस्टरातील नोंदीही एव्हाना संगणकात भरल्या होत्या. आजोबांचा जन्म १ जून १९४३. उताऱ्यावर छापले गेले ३१ मे १९४३! नव्या मुलांच्या तारखा बरोबर आणि आजोबांचीच चूक, हे कसे?

याचे उत्तर संगणकात नाही, इतिहासात आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात भारतातील घड्याळे एक तास पुढे केलेली होती. १ सप्टेंबर १९४२ पासून १५ ऑक्टोबर १९४५ पर्यंत आपली वेळ ग्रीनिचच्या साडेसहा तास पुढे होती. जगातील घड्याळांच्या अशा बदलांची एक सामायिक नोंदवही संगणकशास्त्रज्ञांनी ठेवलेली आहे. आर्थर डेव्हिड ओल्सन यांनी १९८० च्या दशकात तिचे काम सुरू केले, आणि २०११ पासून ती 'आयाना' या संस्थेच्या छत्राखाली आहे. आपल्या वेळेचे तीत नाव आहे 'एशिया-कोलकाता'. शाळेच्या संगणकाने ती नोंदवही पाहून १ जून १९४३ ची मध्यरात्र ग्रीनिचच्या ३१ मेच्या सायंकाळी साडेपाचला ठेवली होती. त्यात माझे साडेपाच तास मिळवले की होतात रात्रीचे अकरा, आणि तारीख उरते ३१ मे. यंत्राला युद्ध ठाऊक होते, मला नव्हते.

मित्रहो, घड्याळ ही निसर्गाची नव्हे, माणसाच्या ठरावाची गोष्ट आहे. मुंबईची स्वतःची वेळ ग्रीनिचच्या ४ तास ५१ मिनिटे पुढे असे. १ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ सुरू झाली, तरी मुंबई शहराने आपली ३९ मिनिटे मागची 'मुंबई टाइम' पुढे कित्येक वर्षे सोडली नाही. इंग्लंडमध्ये मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळ एक तास पुढे करतात आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे घेतात. तेथे वर्षातला एक दिवस तेवीस तासांचा असतो आणि एक पंचवीस तासांचा. दिवस म्हणजे २४ तास, म्हणजेच ८,६४,००,००० मिलिसेकंद, असे धरून दोन तारखांतील अंतर भागाकाराने काढणारा प्रोग्रॅम आपल्याकडे बरोबर चालेल आणि लंडनच्या नातलगाकडे एका दिवसाने चुकेल.

मग खरा उपाय कोणता? तो लाजिरवाणा वाटावा इतका सोपा निघाला. जन्मतारीख ही क्षण म्हणून साठवायचीच नाही. वर्ष, महिना, दिवस हे तीन आकडे जसेच्या तसे, अक्षरांच्या रूपात ठेवायचे : २००८-०६-०१. आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, प्रत्येक ठिकाणी ठरलेले अंक. ही पद्धत १९८८ साली आंतरराष्ट्रीय प्रमाण म्हणून प्रसिद्ध झाली. तिचे दोन फायदे. आपण ५-६ लिहिले की ५ जून समजतो आणि अमेरिकन माणूस ६ मे समजतो. हा घोटाळा येथे उरत नाही. आणि अशा तारखा नुसत्या अकारविल्हे लावल्या तरी त्या आपोआप कालक्रमाने लागतात. ज्या नोंदीला घड्याळ लागू नाही तिला घड्याळाच्या हवाली करू नये. उलट परीक्षेचा ऑनलाइन अर्ज किती वाजता दाखल झाला, फी कधी जमा झाली, या घटना म्हणजे खरोखरचे क्षण. ते ग्रीनिचच्या वेळेत साठवावेत आणि दाखवताना पाहणाऱ्याच्या किंवा संस्थेच्या वेळेत दाखवावेत.

या भाषेत विद्यार्थ्यांना ठेच लागण्याच्या आणखी काही जागा आहेत, त्या थोडक्यात सांगतो. ही भाषा ब्रेंडन आइक यांनी १९९५ च्या मे महिन्यात अवघ्या दहा दिवसांत प्रथम उभी केली. तारखेचा भाग त्या वेळच्या जावा भाषेवरून घेतला, आणि तिचे दोषही त्याबरोबर आले.

पहिली ठेच महिन्यांची. या भाषेत दिवस १ पासून मोजतात, पण महिने ० पासून. जानेवारी शून्य, जून पाच, डिसेंबर अकरा. रजिस्टरातला ६ हा आकडा सरळ दिला की जूनचा जुलै होतो.

दुसरी ठेच यंत्राच्या अतिनम्रपणाची. जूनची ३१ तारीख मागितली तर ते 'अशी तारीख नाही' म्हणत नाही. निमूटपणे १ जुलै देते. ३१ जानेवारीला पाठवलेली फीची सूचना पुढच्या महिन्यात पुन्हा पाठवायची म्हणून महिना एकाने वाढवला, तर ३१ फेब्रुवारी नसल्यामुळे यंत्र ३ मार्चला, आणि लीप वर्षात २ मार्चला जाऊन थांबते. फेब्रुवारीची सूचना निघतच नाही. म्हणून भरलेली तारीख यंत्राकडून उलट वाचून घ्यावी आणि दिलेले तीन आकडेच परत आले का ते पडताळावे. या नम्रपणाचा एक लाभही आहे. एखाद्या महिन्याचा शेवटचा दिवस हवा असेल तर पुढच्या महिन्याची 'शून्य' तारीख मागावी. मार्चची शून्य तारीख म्हणजे फेब्रुवारीचा अखेरचा दिवस, २८ की २९ याचा निवाडा यंत्र स्वतः करते.

तिसरी ठेच अशी की 'टू आयएसओ स्ट्रिंग' नावाची सोय तारीख प्रमाण पद्धतीने लिहून देते खरी, पण आधी ती ग्रीनिचच्या वेळेत नेऊन. भारतीय मध्यरात्र तिच्या हाती दिली की दिवस मागे गेलाच म्हणून समजा. तसेच २००८-०६-०१ एवढेच वाचायला दिले तर ही भाषा ती ग्रीनिचची मध्यरात्र मानते. त्यापुढे वेळ जोडली, पण ती कोणत्या देशाची हे सांगितले नाही, तर स्थानिक मानते. पहिल्या प्रकारात भारतात पहाटेचे साडेपाच वाजतात आणि तारीख बरोबर दिसते, पण अमेरिकेतल्या नातलगाला आदली संध्याकाळ दिसते.

चौथी बाब वयाची. शाळेत वय हा नियमाचा प्रश्न असतो, अदमासाचा नव्हे. दोन क्षणांतील अंतराला ३६५ दिवसांनी भागले तर १ जून २००८ ला जन्मलेली मुलगी २८ मे २०२४ लाच सोळा वर्षांची ठरते. मधले चार लीप दिवस कोणी मोजलेच नाहीत. वय काढण्याची गुरुजींची जुनी रीतच बरोबर आहे : वर्षांची वजाबाकी करा, आणि यंदाचा वाढदिवस अजून आला नसेल तर एक कमी करा. २९ फेब्रुवारीच्या मुलांसाठी संस्थेने आपला नियम आधी ठरवून लिहून ठेवावा. यंत्र स्वतःच्या मनाने १ मार्च धरते. चारने भाग जाणारे प्रत्येक वर्ष लीप नसते हेही ध्यानात असू द्या. २००० लीप होते, १९०० नव्हते, २१०० नसेल.

आता एक विषय जो आपल्यापैकी अनेकांच्या घरचा आहे. चांद्र कालगणनेची तारीख संगणकावर येते का? येते. तारखा लिहून देणारी या भाषेतील सोय ग्रेगोरियन तारखेवरून हिजरी तारीख सांगू शकते, आणि २२ मार्च १९५७ पासून आपण राष्ट्रीय दिनदर्शिका म्हणून स्वीकारलेली शक तारीखही. हिजरी वर्ष ३५४ किंवा ३५५ दिवसांचे, म्हणून ते ऋतूंमधून मागे मागे सरकत जाते, हे आपण जाणताच. पण सावधगिरीचा मुद्दा असा की यंत्राजवळची हिजरी तारीख गणिताची किंवा कोष्टकाची असते. सौदी अरेबियातील 'उम्म अल-कुरा' दिनदर्शिकाही गणितावर बांधलेली आहे. आपल्याकडे महिना चंद्रदर्शनाने सुरू होतो, आणि दोहोंत एखाद्या दिवसाचा फरक पडू शकतो. म्हणून शाळेच्या सुट्ट्यांची यादी करताना यंत्राची तारीख 'अंदाजे' म्हणूनच लिहावी आणि पक्की तारीख माणसाने भरण्यासाठी जागा मोकळी ठेवावी. आकाश पाहण्याचे काम प्रोग्रॅमकडे देऊ नये.

या साऱ्या अडचणी भाषा तयार करणाऱ्यांनाही ठाऊक होत्या. म्हणून जावास्क्रिप्टसाठी 'टेंपोरल' नावाची नवी रचना अनेक वर्षांच्या चर्चेतून आकाराला आली, आणि २०२५ साली फायरफॉक्स या ब्राउझरने तिला प्रथम जागा दिली. तिच्यात निव्वळ तारीख वेगळी, निव्वळ वेळ वेगळी, क्षण वेगळा आणि विशिष्ट देशाच्या घड्याळाला बांधलेला क्षण वेगळा. महिनेही एकपासून मोजलेले. मला दोन चुकांनी जे शिकवले, तेच भाषेने आता आपल्या व्याकरणात घेतले आहे. पण मित्रांनो, साधन सुधारले म्हणून विचार करण्याचे काम संपत नाही. समोरची नोंद ही तारीख आहे की क्षण, हे यंत्र कधीच सांगणार नाही. ते ठरवायचे आपणच.

विद्यार्थ्यांना शेवटी एकच सांगतो. प्रोग्रॅम तपासताना आपल्या सोयीची तारीख आणि आपल्याच टेबलावरचा संगणक घेऊ नका. महिन्याची पहिली तारीख घ्या, ३१ डिसेंबर घ्या, २९ फेब्रुवारी घ्या, १९४३ सालचे आजोबा घ्या, आणि संगणकाचे घड्याळ कुवेतला, लंडनला नेऊन पाहा. माझे चार-सहा नमुने पडद्यावर बरोबर होते. छापलेला कागद मी एकदाही रजिस्टराशी ताडून पाहिला नव्हता.

आणि शिक्षक बंधुभगिनींनो, शाळेच्या रजिस्टरातली तारीख ही एका कुटुंबाने आपल्याजवळ ठेवलेली अमानत आहे. शिष्यवृत्ती, नोकरी, पासपोर्ट, पेन्शन, सारे पुढे तिच्या आधाराने चालते. पूर्वी ती जपण्यासाठी दौत, टाक आणि गुरुजींचे सुवाच्य अक्षर पुरत असे. आता साधन बदलले. जबाबदारी तीच आहे. त्या मुलीचा दाखला दुरुस्त करून मी स्वतः तिच्या घरी नेऊन दिला. तिची शिष्यवृत्ती पुढे मंजूर झाली हे सांगायला मला आनंद होतो. दाखला हातात घेताना तिच्या आजीने विचारले, "काय हो, मशीन पण चुकते का?" मी म्हटले, "मशीन नाही चुकले, आजी. मी त्याला नीट विचारले नाही."